गावात घरं किती? आधी मे महिन्यातली विहीर मोजा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या छोट्या गावांतून एकाच चिंतेची पत्रं येत आहेत. घरं तर हवीत. गावातल्या वाढत्या कुटुंबांना हवीत, मुंबईहून परतणाऱ्यांना हवीत, बंगल्यांमुळे रोजगारही मिळतो. पण सडा (कातळाचं पठार), व्हाळ (ओढा), राई आणि विहीर यांचं काय? त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. भूजल, बांधकाम आणि ग्रामपंचायतीचा कारभार यांत काम करणाऱ्या आमच्या सल्लागारांनी त्यांची उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमची वाडी ४०० लोकांची. नळपाणी योजनेची एकच विहीर. वरच्या अंगाला ४० बंगल्यांचं प्लॉटिंग येतंय आणि विकासक ना हरकत दाखला मागतोय. अर्धा गाव कामं मिळतील म्हणून खूश आहे, अर्ध्या गावाला पाण्याची धास्ती आहे. निर्णय कशाच्या आधारावर घ्यायचा? (सरपंच, राजापूर तालुका)

विहिरीच्या आधारावर. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो म्हणून पाणी भरपूर, या समजुतीवर बरीच गावं फसली आहेत. इथला जांभा दगड पाणी भराभर पितो आणि तितक्याच भराभर सोडून देतो. दिवाळीपर्यंत तुडुंब असलेली विहीर शिमग्यानंतर तळ दाखवू लागते. म्हणून गावात किती माणसं राहू शकतील याचा आकडा मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, वळीव पडण्याआधी काढायचा.

पद्धत सोपी आहे. विहिरीचा आतला व्यास पाण्याच्या पातळीवर मोजा. कठड्यावर मोजू नका, तिथे तोंड रुंद असतं. समजा व्यास ४ मीटर आहे. मग दर एक मीटर उंचीला साधारण १२,५७० लिटर पाणी मावतं. रात्री नळांना पाणी सोडणं बंद ठेवा, आसपासच्या बागायतदारांनाही त्या रात्री पंप बंद ठेवायला सांगा. पंपाने पातळी बरोबर एक मीटर खाली आणा, पंप थांबवा आणि दोरीला खडा बांधून दर अर्ध्या तासाने पातळी लिहून ठेवा. हा मीटर भरून यायला १० तास लागले, तर विहीर तासाला सुमारे १,२५० लिटर देते, म्हणजे दिवसाला तीस हजार लिटर. पाणी सुरुवातीला जोरात येतं आणि भरत जाईल तसं मंदावतं. म्हणून पहिल्या तासाच्या आकड्याला २४ने गुणू नका, नेमकी हीच चूक सगळीकडे होते.

आता मागणी. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे. ४०० माणसांना २२,००० लिटर लागले. विहिरीचा पाचवा हिस्सा कमी पावसाच्या वर्षासाठी राखून ठेवायचा, कारण एखादं वर्ष दगा देतंच. तीस हजारांतले सहा हजार गेले, २४,००० राहिले. शिल्लक २,००० लिटर. बंगल्यात फ्लश, शॉवर, वॉशिंग मशीन आलं की वापर शहरी होतो, माणशी १३५ लिटर. चार माणसांच्या घराला ५४० लिटर. म्हणजे या विहिरीवर मे महिन्यात तीन, फार तर चार बंगले निभावतील. चाळीस नाहीत.

हिरवळ यात धरलेली नाही. उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरला रोज ५ लिटर लागतात. २०० चौरस मीटरचं लॉन एका दिवसात अठरा माणसांचं पाणी पितं. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि १.४ मीटर खोल पोहण्याचा तलाव एकदा भरला, तर तुमच्या अख्ख्या वाडीचं दोन दिवसांचं पाणी गेलं.

याचा अर्थ बंगल्यांना नकारच द्यायचा असा नाही. १०० चौरस मीटरच्या छपरावर ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला ८० टक्के हाती लागला तरी २ लाख ४० हजार लिटर होतात. छप्पर पुरेसं आहे, कमी पडते ती टाकी. २० फेब्रुवारी ते मे अखेर असे शंभर दिवस ५४० लिटरने धरले, तर ५४,००० लिटरची टाकी लागते : ६ मीटर बाय साडेचार मीटर, २ मीटर पाणी. पडवीखाली किंवा गाडी लावायच्या जागेखाली ती आरामात बसते. प्लॉट घेणाऱ्याला हा खर्च झेपतो. गावकऱ्याला मात्र मे महिन्यात टँकर परवडत नाही. तेव्हा दाखला देताना या अटी लिहूनच घ्या : प्रत्येक घराला एवढी टाकी, ती पूर्ण झाल्याशिवाय नळजोडणी नाही, लॉन आणि तलाव नाही, बागेत आंबा-काजू-कोकम. तोंडी आश्वासन प्लॉट विकले जाईपर्यंतच टिकतं.

बोअरचं काय? सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरचा दंडक १९९३च्या भूजल कायद्याने घातला होता. त्याच्या जागी आलेल्या २००९च्या कायद्यातही अधिसूचित स्रोतांना संरक्षण आहे. त्यामुळे आपली विहीर अधिसूचित आहे का, हे भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात आजच विचारा. नसेल तर प्रस्ताव द्या. प्लॉटवर बोअरची गाडी उभी राहिल्यावर धावाधाव करून काही हाती लागत नाही.

प्रश्न : शेजारच्या नव्या घराचा शोषखड्डा आमच्या विहिरीपासून ९ मीटरवर, वरच्या बाजूला खणलाय. कंत्राटदार म्हणतो, जांभ्यात पाणी छान जिरतं, सेप्टिक टाकीला तळसुद्धा नको. हे बरोबर आहे का? (वाचक, गुहागर तालुका)

साफ चूक आहे, आणि चूक धोक्याची आहे. पाणी मातीच्या बारीक कणांतून सावकाश झिरपतं तेव्हाच ते गाळलं जातं. जांभ्यात भेगा आणि पोकळ्या असतात. तिथे पाणी जिरत नाही, वाहत जातं. तेही न गाळता, थेट तुमच्या विहिरीत.

सेप्टिक टाकीला काँक्रीटचा पक्का तळ आणि आतून गिलावा लागतोच. आयएस २४७० या भारतीय मानकाप्रमाणे टाकीत किमान १,००० लिटर पाणी मावलं पाहिजे, रुंदी ७५ सेंटिमीटरपेक्षा आणि पाण्याची खोली १ मीटरपेक्षा कमी नको. पाच माणसांना दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि १ मीटर पाणी पुरतं. दहा माणसांना २ मीटर बाय ९० सेंटिमीटर, आणि दोन वर्षांनी उपसायची असेल तर १.४ मीटर पाणी. पाण्याच्या वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा सोडायची. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपला टी (इंग्रजी T आकाराचा जोड) बसवायचा. टी नसला की वरची साय सरळ शोषखड्ड्यात जाते, खड्डा वर्षभरात तुंबतो, आणि दोष मात्र जमिनीला दिला जातो.

याच मानकात शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर दूर ठेवायला सांगितलं आहे. जांभ्यात आम्ही १८ मीटरलाही कमीच समजतो, त्यातून खड्डा विहिरीच्या वर असेल तर नक्कीच. जागा ठरवण्याआधी जिरण्याची चाचणी घ्या. शोषखड्ड्याच्या खोलीपर्यंत एक छोटा खड्डा घ्या, तळाला ५ सेंटिमीटर खडी टाका, आदल्या दिवशी पाणी भरून जमीन भिजवून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी भरा आणि पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते पाहा. अर्ध्या तासाच्या आत उतरली तर शोषखड्डा चालतो. अर्धा तास ते एक तास लागला तर खड्डा नको, उथळ लांब चर काढा. तासाहून जास्त लागला तर जमीन घेतच नाही, गाळण टाकीचा विचार करा. आणि मिनिटभरातच पाणी गायब झालं तर आनंद मानू नका. ती भेग आहे. अशा ठिकाणी खड्डा सर्व बाजूंनी ५० सेंटिमीटर बारीक वाळूच्या थरात बसवावा लागतो आणि त्याचा तळ बंद करावा लागतो.

तुम्ही आज करायच्या गोष्टी : ग्रामपंचायतीकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राकडे लेखी तक्रार द्या, तिच्यात अंतर टेपने मोजून लिहा आणि फोटो जोडा. पाऊस सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात ग्रामपंचायतीकडच्या एचटूएस बाटलीने (पाण्यात मैला आहे का ते दाखवणारी तपासणी बाटली) पाणी तपासा. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात मैला उतरतोय. तोवर हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाका, अर्ध्या तासाने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का हे पाहणारी तपासणी) करा आणि पिण्याचं पाणी उकळूनच घ्या. डबा उघडा राहिलेली जुनी पावडर टाकून उपयोग नाही, तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो.

आणखी एक गोष्ट ग्रामपंचायतीने विचारायलाच हवी : टाकी उपसणारी गाडी तो मैला कुठे नेऊन ओतते? बऱ्याचदा उत्तर असतं, रात्रीचं व्हाळात.

प्रश्न : आमच्या सातबाऱ्यावर सड्याची जमीन पोटखराबा लागली आहे. तिथे झाड नाही, शेती नाही. मग राई तोडण्यापेक्षा किंवा भातशेतीत घरं घालण्यापेक्षा कातळावर घरं बांधणंच पर्यावरणाला बरं नाही का? (वाचक, देवगड तालुका)

प्रश्न प्रामाणिक आहे आणि असा विचार करणारे पुष्कळ आहेत. पोटखराबा ही महसुलाची नोंद आहे, लागवड होत नाही एवढंच ती सांगते. त्या जमिनीवर काय जगतं आणि तिच्यातून पाणी कुठे जातं, हे सातबारा सांगत नाही.

जुलै ते सप्टेंबर या काळात त्या कातळावर जाऊन बसा. दोन बोटं मातीच्या खळग्यात दीपकाडीचे पांढरे तुरे दिसतील. ही वनस्पती कोकणातल्या सड्यांचीच, जगात दुसरीकडे नाही. पाणथळ भागात सीतेची आसवं आणि गेंद फुललेले असतात. डबक्यांत बेडकांची पिल्लं असतात. कातळाच्या भेगांतून मुरलेलं पाणी सड्याच्या कडेला, खाली वाडीत, झरे आणि विहिरी होऊन बाहेर येतं. सडा हीच तुमच्या वाडीची पाण्याची टाकी. तिच्यावर काँक्रीट टाकलं की पाऊस मुरायच्या ऐवजी धावू लागतो, पावसाळ्यात खालच्या वाडीत चिखल येतो आणि उन्हाळ्यात झरा आटतो.

त्यात कोकणातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत. जेसीबीचा दात एकदा फिरला की ती गेली, परत आणता येत नाहीत.

तरीही सड्यावर बांधायचं असेल, तर जागा निवडून बांधता येतं. जुनी, बंद पडलेली चिरेखाण असेल तर पहिली पसंती तिला, कारण तिथला कातळ आधीच गेला आहे. रस्त्यालगतची, पावसाळ्यात पाणी न साचणारी जागा दुसरी पसंती. पावसात डबकी होतात तो भाग आणि सड्याची कड सोडून द्या. कडेवर समुद्र दिसतो म्हणून तिथल्या प्लॉटला भाव जास्त असतो, पण झऱ्यांचं तोंडही तिथेच असतं. घर खांबांवर उचलून बांधा, अंगण कातळाचंच राहू द्या. बाहेरून माती आणून त्यावर पसरणं आणि झाडं लावणं हे सड्यावर वृक्षारोपण ठरत नाही, सडा पुरणं ठरतं. चांगल्या हेतूने होणारी ही हानी सर्वात जास्त आहे.

प्रश्न : डोंगराच्या उतारावर १० गुंठे आहेत. किती उतारापर्यंत घर बांधता येतं? मागची दरड कापून सपाटी केली तर चालेल का? (वाचक, मंडणगड तालुका)

राज्याच्या बांधकाम नियमांत १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम, कटाई आणि भराव यांना मनाई आहे. म्हणजे आडवं ५ मीटर जाताना जमीन १ मीटर उतरत असेल, तर ती जागा सोडायची. हे मोजायला इंजिनिअर लागत नाही. गवंड्याकडची पारदर्शक नळी घ्या, तिच्यात पाणी भरा, बुडबुडे काढून टाका. एक टोक वर, दुसरं आडवं ५ मीटर पुढे खाली धरा. दोन्हीकडच्या पाण्याच्या रेषेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजा, फरक काढला की उतार मिळाला. अशा चार-पाच ठिकाणी मोजा आणि सर्वात तीव्र आकडा धरा. सरासरी धरू नका.

दरड कापण्याबद्दल आम्ही सावधच बोलू. वरचा जांभा टणक दिसतो, पण त्याखाली पांढरट-गुलाबी, हाताला साबणासारखी लागणारी माती असते. कापणी त्या मातीपर्यंत गेली की पावसाळ्यात ती भिजून सैल होते आणि वरचा जांभा तिच्यावरून घसरतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यात तळीये, जुलै २०२३मध्ये खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी. या प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी आहेत, मात्र अतिवृष्टीत उतार पाण्याने जड होणं हा धागा सगळीकडे एकच आहे.

उतार १:५ पेक्षा सौम्य असेल तर एक मोठी सपाटी करण्यापेक्षा मीटर-मीटरच्या दोन पायऱ्या करा आणि घर त्यांवर बसवा. कापलेल्या भागाच्या वर २-३ मीटर सोडून आडवी गटार काढा म्हणजे डोंगराचं पाणी दरडीवर यायच्या आत बाजूला वळेल. संरक्षक भिंत बांधलीच तर दर दीड-दोन मीटरवर १०० मिलिमीटरचे पाइप सोडा आणि त्यांच्या मागे खडीचा थर भरा. भिंती बहुतेक वेळा दगडाच्या कमतरतेने पडत नाहीत, मागे कोंडलेल्या पाण्याने पडतात. बिनचुन्याचा चिऱ्याचा गडगा (नुसते दगड रचलेली भिंत) कमी उंचीला उत्तम, कारण पाणी त्याच्यातून आपसूक निघतं.

पावसात दारं अडकू लागली, जमिनीला लांबट भेग पडली, झाडं एकाच बाजूला कलली किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर त्याच दिवशी घर सोडा आणि तहसीलला कळवा.

प्रश्न : गावातल्या दहा कुटुंबांना घरकुल मंजूर आहे पण जागा नाही. देवराईलगतच्या गायरानावर जागा द्यावी असा काहींचा आग्रह आहे. देवराई वाचवायची की माणसं? (ग्रामपंचायत सदस्य, संगमेश्वर तालुका)

ही निवड तुमच्यासमोर चुकीच्या पद्धतीने मांडली गेली आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. दहा घरांचं बांधकाम २५० चौरस मीटर होतं. घरामागे दीड गुंठा धरला तरी पंधरा गुंठे. तुमच्याच तालुक्यात एकेका बंगल्याचं कुंपण दहा गुंठ्यांचं असतं. गरिबाच्या पंधरा गुंठ्यांसाठी देवराई पणाला लावायची आणि दहा एकरांच्या प्लॉटिंगला दाखले द्यायचे, हे आम्हाला मान्य नाही.

गायरान सहजासहजी मिळणारही नाही. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं आहे. त्या जमिनीवर उभं केलेलं घरकुल उद्या अतिक्रमण ठरलं तर भोगायचं त्या कुटुंबाने.

सरळ वाट गावठाण विस्ताराची आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ खाली गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. ग्रामसभेच्या ठरावासोबत बेघर कुटुंबांची यादी, जागेचा गटनंबर, मोजणी नकाशा आणि पाण्याची सोय जोडून प्रस्ताव तहसीलमार्फत पाठवा. यादी आणि नकाशा न जोडलेले ठराव वर्षानुवर्षं फायलीत पडून राहतात. दुसरीकडे, खाजगी जागा विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून अर्थसाहाय्य मिळतं, त्याची चौकशी पंचायत समितीत करा. मुंबईकर भावकीच्या नावावर पडीक असलेली घरवाट (जुन्या घराची जागा) गावठाणातच असते. चार-पाच घरांच्या जागा तिथेच निघतात, फक्त वारसांच्या सह्या मिळवायला कुणीतरी चिकाटीने मागे लागावं लागतं.

घरं दोन-दोन जोडून, एका ओळीत बांधा. भिंत सामायिक झाल्याने चिरा वाचतो, गटार एकच लागतं. शौचालयाला दोन खड्ड्यांची पद्धत घ्या : प्रत्येक खड्डा १ मीटर व्यासाचा, दोहोंत किमान १ मीटर अंतर. एक भरला की दुसरा सुरू करायचा. बंद केलेला दीड-दोन वर्षांनी उघडला की खत तयार असतं. सिमेंटच्या रिंगा टाकून एकच खोल खड्डा करणं स्वस्त वाटतं, पण तो पावसाळ्यात भूजलात बुडतो.

प्रश्न : घराच्या जागेत एक फणस, दोन ऐन आणि एक किंजळ आहे. तोडायला परवानगी लागते का? (वाचक, लांजा तालुका)

लागते. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४च्या यादीत फणस, आंबा, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर ही सगळी झाडं आहेत, मालकीच्या जमिनीतली असली तरी. अर्ज वनविभागाकडे. पण आधी नकाशा फिरवून पाहा. झाडाच्या खोडाचा व्यास मोजा आणि त्याच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ आखा. अर्धा मीटर जाडीच्या फणसाला ६ मीटर. या वर्तुळात पाया, चर आणि वाळू-खडीचा ढीग नको. खोडाभोवती फूटभर जरी भराव टाकला तरी मुळांना हवा मिळत नाही, झाड दोन-तीन वर्षांनी वाळतं आणि तोपर्यंत कारण कुणाला आठवत नाही.

प्रश्न : पश्चिम घाटाच्या इको-सेन्सिटिव्ह (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील) यादीत आमचं गाव आहे. आता साधं घरही बांधता येणार नाही, असं सगळे सांगतात. खरं आहे का? (वाचक, सावंतवाडी तालुका)

नाही. केंद्राच्या मसुदा अधिसूचनांत (पहिली १० मार्च २०१४ची, सहावी ३१ जुलै २०२४ची) बंदी आहे ती खाणी, दगड आणि वाळू उत्खनन, औष्णिक वीज प्रकल्प, लाल श्रेणीतले (सर्वात जास्त प्रदूषण करणारे) उद्योग आणि २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी बांधकामं यांवर. तुमचं घर १०० चौरस मीटरचं असेल. जुन्या घराची दुरुस्ती, विस्तार आणि मालकी हक्क बदलणं यांनाही मसुद्यात आडकाठी नाही. ही भीती कोण पसरवतं आणि खाणी कुणाला हव्या आहेत, हे गावाने नीट पाहावं.

प्रश्न : बाहेरच्याला जमीन विकायची नाही असा ग्रामसभेत ठराव केला. तहसीलमध्ये म्हणाले, याला अर्थ नाही. मग ग्रामसभेच्या हातात आहे तरी काय? (वाचक, दोडामार्ग तालुका)

खाजगी जमिनीची विक्री ग्रामसभेच्या ठरावाने थांबत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अनुसूचित क्षेत्र नसल्याने पेसा कायद्याचे (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) अधिकारही नाहीत. पण तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच काही हातात आहे.

तुमच्याच तालुक्यातलं उदाहरण घ्या. बांबर्डे इथली रानजायफळाची मायरिस्टिका दलदल, जेमतेम २.५९ हेक्टर, २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. त्याच वर्षी आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळची २.११ हेक्टर जागा तिथे सापडलेल्या छोट्या माशासाठी वारसा स्थळ झाली. जैवविविधता कायदा २००२च्या कलम ३७ मधली ही तरतूद आहे. सुरुवात गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीपासून होते. ती कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी, कित्येक ठिकाणी ती कागदावरच असते. समिती जागी करा आणि लोकजैवविविधता नोंदवही नीट लिहा : झरे, व्हाळ, देवराई, दीपकाडीचे सडे, सगळं गटनंबरासह. नुसती झाडांची नावं लिहिलेल्या नोंदवहीचा परवानगीच्या वेळी उपयोग होत नाही, गटनंबर लिहिलेलीचा होतो.

याशिवाय गावठाणातल्या बांधकामाला ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली परवानगी तुम्हीच देता. नळजोडणीच्या अटी आणि पाणीपट्टीचे टप्पे तुम्ही ठरवता. घरगुती वापराच्या मर्यादेपुढे दर चढता ठेवा, लॉन आपोआप आटोपतं. सभेला गणपूर्ती पाहिजे, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतलं जे कमी असेल तेवढी माणसं. गणपूर्तीविना केलेला ठराव वकील पहिल्या तारखेला उडवतो. चाकरमानी येतात त्या गणपतीच्या किंवा मेच्या दिवसांत सभा ठेवा, त्यांच्या जमिनींचाही प्रश्न आहे.

प्रश्न : नव्या बंगल्याच्या कंपाउंडने व्हाळ अडवलाय. मालकाने खालून एक फुटी पाइप टाकून दिलाय आणि म्हणतो, झालं की! (शेतकरी, कुडाळ तालुका)

झालं नाही. तुमच्या व्हाळाला वरून दहा हेक्टरचं पाणी येत असेल आणि तासाला १०० मिलिमीटरची सर आली, तर मुरणारं वजा जाता सेकंदाला सुमारे १.७ घनमीटर पाणी येतं. एक फुटी पाइपमधून, पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर धरला तरी, ०.१४ घनमीटर जातं, बाराव्या हिश्शाएवढं. त्यातही पहिल्याच पुरात झावळी अडकते. इथे दीड मीटर रुंद, एक मीटर उंच अशी स्लॅबची मोरी हवी, किंवा ६०० मिलिमीटरचे किमान तीन पाइप. त्यातही मोरी बरी, कारण आत उतरून साफ करता येते.

बांधकामाच्या नियमांत लहान ओहोळापासून ९ मीटर आणि नदीपासून १५ मीटर अंतर सोडायला सांगितलं आहे, तेव्हा कंपाउंडची परवानगी तपासा. शेतीचं नुकसान होत असेल किंवा होण्यासारखं असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६च्या कलम ५ खाली पाण्याचा नैसर्गिक प्रवाह मोकळा करून मागता येतो. दावा तहसीलदारांकडे, अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मुदत चुकवू नका. अर्जाला गाव नकाशाची नक्कल, व्हाळाचे पावसाळ्यातले फोटो आणि तलाठ्याचा पंचनामा जोडा. भिंत उभी राहिली तो दिनांक लिहायला विसरू नका, कारण सहा महिने तिथूनच मोजले जातात.